सात पायऱ्या जावयाच्या, तीन सासऱ्याच्या

रेवाराम दुसऱ्याच्या शब्दावर वाघाचा माग मानत नसे. नागझिऱ्याच्या जंगलात बावीस वर्षं गाईडचं काम केलेला माणूस. पुढच्या जिप्सीतल्या गाईडने हात करून सांगितलं, "ताजा आहे, पंधरा मिनिटांचा," तरी हा ड्रायव्हरला थांबवायचा, बाजूच्या दांडीला धरून खाली वाकायचा, मागाच्या कडेची माती ढासळली की नाही ते बघायचा आणि मगच पर्यटकांकडे वळून म्हणायचा, "गेला आहे. तासभर झाला." बहुतेक वेळा त्याचंच खरं ठरायचं. त्याच्याच हाताखाली शिकलेली मोनाली आता स्वतः गाईड होती. ती त्याला तोंडावर सीआयडी काका म्हणायची.

"काका, तुमाले तं तुमच्या सावलीवरही शक येते."

"येते न. दुपारी ती कुठं जाते, सांग बरं."

अशा माणसाकडे फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याचा जावई दुर्गाप्रसाद शाळेची वही घेऊन आला. दुर्गाप्रसाद गोंदियात टाइल्सच्या दुकानात काउंटरवर होता. बोलायला गोड, कामाला चोख, घरी हिंदीच बोलणारा, सासऱ्याला तिकडच्या रीतीने मामाजी म्हणणारा. वहीवर त्याने पेनाने रेघा मारून रकाने पाडले होते: तारीख, रेस, घोडा, लावले, आले.

रेवारामने वही हातात न घेताच विचारलं, "हारले किती?"

"मामाजी, पहले पूरा सुन तो लो."

"ऐकूनच राहिलो. हारले किती?"

"एक पैसा नहीं. अट्ठाईस दिन हो गए. चौदह हजार ऊपर हूँ."

रेवारामची बायको जमुना चुलीवरून चहा उतरवत होती. तिने मान वर केली, जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

पद्धत साधी होती आणि ती समजावताना दुर्गाप्रसादचा आवाज काउंटरवरच्यासारखा होई. प्रत्येक रेसमध्ये एकच घोडा धरायचा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोकांचा भरवसा तो, म्हणजे फेवरेट. त्यावर दोनशे रुपये. घोडा आला तर दोनशे वर मिळाले, झालं. नाही आला तर पुढच्या रेसला चारशे. त्यातून गेलेले दोनशे निघतात आणि वरचे दोनशे सुटतात. तोही गेला तर आठशे. मग सोळाशे. अशा पायऱ्या. ज्या पायरीवर फेवरेट येईल त्या पायरीवर मागचं सगळं नुकसान भरून वर दोनशे हातात. आणि परत खाली, पहिल्या पायरीवर.

"कभी न कभी तो आएगा ही ना, मामाजी. फेवरेट है. कितनी बार हारेगा?"

"वहीत किती वेळा हारला?"

"ज्यादा से ज्यादा लगातार छह बार. सातवीं में आ गया."

त्याच्याकडे सात पायऱ्यांचे पैसे होते. दोनशेपासून बारा हजार आठशेपर्यंत, एकूण पंचवीस हजार चारशे. त्याला आणखी तीन पायऱ्या हव्या होत्या. "दस पायरी हो गई तो बात खत्म. दस बार कोई फेवरेट नहीं हारता." तीन पायऱ्यांना एक लाख एकोणऐंशी हजार दोनशे लागत होते.

रेवारामच्या खात्यात एक लाख ऐंशी हजार होते. दुर्गाप्रसादला ते ठाऊक होतं, कारण घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिरोड्याच्या टेकचंदची जुनी जिप्सी विकायला होती. दोन लाख पाच हजारांत, आणि गुढीपाडव्यापर्यंतच. त्यानंतर साकोलीचं गिऱ्हाईक ती नेणार होतं. गाईडला फेरीमागे मिळतं ते त्याच्यापुरतं. जिप्सीवाल्याला मिळतं त्यात घर चालतं. रेवारामने त्या गाडीसाठी नऊ वर्षं पैसे साठवले होते आणि पंचवीस हजार कमी पडत होते.

"पहले पच्चीस हजार आपके," दुर्गाप्रसाद म्हणाला. "मूल पैसे को हाथ भी नहीं लगेगा. वो तो बस पीछे खड़ा रहेगा."

रेवाराम म्हणाला, "पाहू." हा शब्द तो पर्यटकांना वाघ दिसेल का विचारल्यावरही वापरायचा.

त्याला पहिला संशय वहीवर आला. माणूस जिंकलेलं लिहितो, हरलेलं विसरतो, हे त्याला माहीत होतं. त्याने वही ठेवून घेतली. दोन दिवस दुपारच्या सुट्टीत गेटजवळच्या चहाच्या टपरीवर मोनालीला फोनवरून निकाल वाचायला लावले. अठ्ठावीस दिवस, एकशे एकसष्ट रेसी. ती वाचायची, हा पेन्सिलीने खूण करायचा.

"हे कायले करून राहिले, काका? घोड्याचे गाईड होता का आता?"

"वाच तू."

"'राणी ऑफ वेस्ट', दुसरी. बापा, नावं पाहा न यायची. 'सायलेंट थंडर', पहिला. हा आला."

एकही खूण चुकली नाही. दुर्गाप्रसादने हरलेल्या रेसी लाल पेनाने लिहिल्या होत्या, आणि त्यातली एकही लपवली नव्हती. रेवारामला बरं वाटायला हवं होतं. त्याला ते वाटलं नाही. माग इतका स्वच्छ असला की तो मुद्दाम कोणी उमटवला तर नाही ना, असं त्याच्या मनात येई.

दुसरा संशय बुकीवर. जंगल बंद असण्याच्या दिवशी तो तिरोड्याहून पॅसेंजरने गोंदियाला गेला. जावयाला न सांगता. दुलीचंद मंडप-डेकोरेशनचा माणूस होता. लग्नाच्या खुर्च्यांच्या चळतींमध्ये बसून फोनवर सट्टा घ्यायचा. फेवरेट आला तर लावले तितकेच वर, हा त्याचा ठरलेला भाव. रेवारामने ओळख लपवली नाही.

"मी दुर्गाप्रसादचा सासरा."

"बैठिए, बैठिए. खुर्ची की तो यहाँ कमी नहीं."

"तुम्ही पैसे बुडवाल तर?"

दुलीचंद हसला नाही, रागावलाही नाही. त्याने मागच्या पोऱ्याला हाक मारून पाणी मागवलं आणि मग म्हणाला, "बाईस साल से धंधा है. किसी का एक रुपया नहीं डुबाया. पूछ लो पूरे गोंदिया में. जरूरत ही नहीं पड़ती, साहब."

रेवारामने खरंच विचारलं. पानवाल्याला, शेजारच्या लोखंडवाल्याला, स्टेशनबाहेरच्या दोन रिक्षावाल्यांना. सगळ्यांनी एकच सांगितलं: दुलीचंद बोलला म्हणजे मिळणार. एकाने तर, हरलेल्या माणसाला दुलीचंद घरी जायला भाडंही देतो, असं कौतुकाने सांगितलं. परतीच्या गाडीत रेवाराम दुलीचंदचं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत बसला. बावीस वर्षं. त्याचीही बावीसच वर्षं झाली होती जंगलात. माणूस खरा वाटला.

उरला संशय पद्धतीवर. आणि तिथे रेवारामचं स्वतःचंच ज्ञान आडवं आलं.

त्याच्याकडे लोखंडी पेटीत बावीस वर्षांच्या वह्या होत्या. कोणत्या दिवशी, कोणत्या पाणवठ्यावर, कोणता वाघ. त्या रात्री जेवण लवकर उरकून त्याने उन्हाळ्याच्या वह्या काढल्या. तळ्याकडची वाघीण दिसली नाही असे सलग दिवस किती, ते तो मोजू लागला. तीन. पाच. दोन. चार. सहा. सहा. एकदाच सात. त्याच्यावर एकदाही नाही. वाघीण आपल्या हद्दीत फिरून येते, झाडांवर सोडलेला वास उडतो, तो पुन्हा सोडायला तिला यावंच लागतं. म्हणूनच तो पर्यटकांना सांगू शकायचा, "पाच दिवस झाले नाही दिसली, आज शक्यता आहे." जितके जास्त दिवस रिकामे, तितकी ती जवळ. हे त्याने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. बावीस उन्हाळे पाहिलेलं होतं.

आणि जावयाच्या वहीतही सलग हार सहाच्या वर नव्हती.

जमुना दारात उभी राहून बघत होती. "मंग? सापडला का चोर?"

"जवाई खोटा नाही. पाहून आलो. बुकीही खोटा नाही."

"मंग खोटा कोन हाय?"

"कोनीच नाही."

"असं कसं होईल? तो रोज जिंकून राहिला, म्हनजे कोनीतरी रोज हारून राहिला असन न? तो कोन हाय, ते पाहून आले का?"

"दुसरे लोक. ज्याईले पायऱ्या माहीत नाही ते."

जमुना म्हणाली, "हां. आपल्यालेच तेवढ्या माहीत," आणि आत गेली. तिचा हा टोमणा रेवारामला लागला. पण तपास त्याने केला होता, तिने नाही.

त्याने एक लाख एकोणऐंशी हजार दोनशे रुपये दुर्गाप्रसादच्या खात्यावर टाकले. स्वतःच्या खात्यात आठशे राहिले.

पुढचे अकरा दिवस रोज संध्याकाळी मेसेज यायचा. "आज ६००." "आज ४००." "आज ८००, मामाजी, मिठाई." रेवाराम प्रत्येक मेसेज मोनालीच्या फोनवर निकालाशी ताडून बघायचा. प्रत्येक खरा निघायचा. अकरा दिवसांत पाच हजार सहाशे झाले. त्याच्या पैशाला खरोखरच कोणी हात लावला नव्हता. ते मागे उभे होते.

मग एक शनिवार आला. दुसऱ्या रेसला फेवरेट आला, आणि नंतरच्या पाच रेसींत एकही नाही. संध्याकाळचा मेसेज होता: "पाँच गए. कल छठी से. टेंशन नहीं."

रेवारामला टेन्शन नव्हतं. उलट त्याला ओळखीची चाहूल लागल्यासारखं वाटलं. पाच दिवस रिकामे.

रविवारी दुपारच्या सफारीला त्याच्या जिप्सीत रायपूरचं कुटुंब होतं. आत जाताना पर्यटकांचे मोबाईल बंद करून पिशवीत ठेवायचा नियम होता आणि ती पिशवी गाईडकडे असायची. त्या दिवशी रेवारामने सगळ्यांचे फोन गोळा केले आणि आपला शर्टाच्या खिशात ठेवला. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच केलं. तळ्याच्या वरच्या चढावर, जिथून पाणी दिसतं, तिथे तेवढी रेंज मिळायची.

चढावर पोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मोनालीची जिप्सी आधीच तिथे उभी होती. खिशात फोन थरथरला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्याने पर्यटकांकडे पाठ करून पाहिलं.

"छठी गई." "सातवीं गई. मेरा पूरा खत्म." "आठवीं भी गई. आपका २५,६०० गया. अब ५१,२०० लगेगा. ४.४० की रेस. हाँ या ना बोलो. पैसा आपका है."

वाचून होतंय तोच खालून वानराचा खाकरल्यासारखा आवाज आला. मग चितळाची शीळ. रायपूरच्या बाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. पलीकडच्या बांबूतून वाघीण बाहेर आली, इकडेतिकडे न बघता सरळ पाण्यापर्यंत चालत गेली आणि पाणी पिऊ लागली. सहा दिवस ती कोणालाच दिसली नव्हती. आज सातवा.

रेवारामच्या अंगावर काटा आला, आणि तो वाघिणीमुळे नव्हता. आठ वेळा रिकामं गेलं होतं. वहीतल्या सगळ्यात लांब हारीपेक्षा दोन जास्त. आता येणारच. हे त्याला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काही माहीत नव्हतं. त्याने अंगठ्याने 'हाँ' लिहिलं. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं.

शेजारच्या जिप्सीतून मोनाली दांडीवरून वाकून कुजबुजली, "काका, सकारीच म्हनले होते तुमी, आज येईल म्हनून. आली पाहा."

"येनारच होती," तो तितक्याच हळू म्हणाला. "कुठं जाईल? इलाका तिचाच हाय. वास उडाला की फिरून यावंच लागते तिले."

"हो न. तीच ती." मग तिची नजर त्याच्या हातातल्या फोनवर गेली. "फोन, काका? घोड्याचं हाय का अजून?"

त्याने फोन पालथा धरला.

"किती गेले?"

"आठ."

"एकच घोडा आठ वेळा हारला? मंग त्याले फेवरेट कायले म्हनून राहिले?"

"एक नाही. आठ येगळे. काल दक्षिणेकडचं मैदान होतं, आज पूर्वेकडचं."

"अच्छा," मोनाली म्हणाली, आणि तिच्या पर्यटकाने खांद्याला हात लावला म्हणून पुढे वळली. तिने एवढंच विचारलं होतं. तिच्या दृष्टीने ते संपलंही.

रेवाराम फोन हातात धरून उभा राहिला. खाली वाघीण पाण्यात मागचे पाय बुडवून बसली होती. उजव्या कानाची कड फाटलेली, म्हणजे तीच. सहा दिवसांपूर्वी गेली होती ती हीच. गेली कुठे होती ते तिला ठाऊक होतं, म्हणून परत आली.

चार चाळीसला जो घोडा पळणार होता, त्याला काल दक्षिणेत कोण हरलं हे कोण सांगणार होतं? तो कुठे गेलाच नव्हता, तर परतेल कुठून? सहा रिकाम्या दिवसांमागे एक वाघीण असते. आठ हरलेल्या रेसींमागे कोणीच नव्हतं. बावीस वर्षांच्या वह्या खऱ्या होत्या आणि त्याने त्या भलत्याच जनावराला लावल्या होत्या. त्याने जावयावर संशय घेतला, बुकीवर घेतला, निकालांवर घेतला. स्वतःला जे येतं त्याच्यावर मात्र घ्यायचा राहिला होता.

चार छत्तीसला त्याने 'हाँ' खोडून लिहिलं: "नको लावू. थांब." आणि पाठवलं.

गेटवर परत आल्यावर सहा वाजता मेसेज आला. त्यात एकच ओळ होती.

"आया. फेवरेट आया, मामाजी."

सोमवारी सकाळी रेवारामने आपली पाळी दुसऱ्याला दिली आणि गोंदिया गाठलं. गाडीत बसल्यापासून एकच शंका त्याला कुरतडत होती, आणि तिची त्याला लाजही वाटत होती: आपण नको म्हटल्यावरही जावयाने लावले असतील तर? लावले, जिंकले आणि सांगितलं नाही, असं असेल तर? स्टेशनवरून तो आधी दुलीचंदकडे गेला. दुलीचंदने कागद न बघताच सांगितलं, "नहीं लगाया. फोन आया था चार अड़तीस को. बोला, मामाजी ने मना किया है." मग म्हणाला, "सच्चा लड़का है."

दुर्गाप्रसाद घरीच होता. दुकानात गेला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे लाल, समोर वही उघडी. रेवारामच्या लेकीने, दुर्गेश्वरीने, वडिलांना पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"एक पायरी," दुर्गाप्रसाद म्हणाला. "सिर्फ एक पायरी, मामाजी. मेरा पच्चीस हजार, आपका पच्चीस, सब वापस आ जाता. अब?"

"बाकीचे पैसे माझे मले दे, जवाईबापू. एक लाख त्रेपन्न हजार सहाशे."

"आपको मुझ पर शक था. शुरू से."

"तुझ्यावर नाही."

"तो किस पर?"

रेवारामने समजावायचा प्रयत्न केला. वाघीण एकच असते, घोडे वेगळे असतात, काल हरलेल्याचं आजच्याला काही देणंघेणं नसतं. दुर्गाप्रसादने सगळं ऐकून घेतलं. मग वहीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे त्याने न लावलेली रेसही लिहून ठेवली होती.

"पर आया ना?"

रेवारामने त्या ओळीकडे पाहिलं. आला होता. त्याची सगळी कारणं खरी होती आणि घोडा तरी आला होता. जन्मभर त्याने पुराव्यावर माणसं गप्प केली होती. आज पुरावा समोरच्याच्या बोटाखाली होता.

दुर्गाप्रसादने फोन उचलला आणि पैसे पाठवले. एक रुपया कमी नाही. रेवारामने बँकेचा मेसेज येईपर्यंत वाट पाहिली, आकडा दोनदा वाचला. जिप्सीला आता पन्नास हजार कमी पडत होते आणि पाडवा एकोणीस दिवसांवर होता. टेकचंद थांबणार नव्हता.

"मैं फिर शुरू करूँगा," दुर्गाप्रसाद वही मिटत म्हणाला. रागाने नाही, दुकान उघडायच्या वेळी बोलावं तसं. "छोटे से. पचास रुपये से. पायरी तो पायरी है. पैसा कहीं से जमा लूँगा."

दुर्गेश्वरी भिंतीपासून हलली. स्वयंपाकघरात गेली, थोडा वेळ आतच राहिली आणि स्टीलचा उभा डबा घेऊन आली. झाकणावरून फडकं घट्ट बांधलेलं होतं.

"बाबूजी, मी आईसाठी वड्या देऊन राहिली. तिच्याजवळच राहू द्या." बापाकडे बघून तिने पुढचं सावकाश म्हटलं, "मी मागीन तईच द्या म्हना. दुसऱ्या कोनाले नाही."

रेवाराम उठला. रीतीप्रमाणे दुर्गाप्रसादही उठला. सासऱ्याला बाहेर थांबलेल्या रिक्षापर्यंत पोचवायला पुढे झाला आणि त्याने बायकोच्या हातातून डबा घेतला. दोन पावलं चालला. डब्यात काहीतरी किणकिणलं.

तो थांबला. वड्यांचा असा आवाज होत नाही. त्याने डब्याकडे पाहिलं, मग दुर्गेश्वरीच्या हातांकडे. पाटल्या नव्हत्या. गळ्यात काळी पोत तेवढी होती, लग्नातला गोफ नव्हता. मग त्याने सासऱ्याकडे पाहिलं. दुर्गाप्रसादने आजवर कधी कोणावर संशय घेतला नव्हता. घोड्यांवरसुद्धा नाही. त्याच्या चेहऱ्यावर ती नजर पहिल्यांदाच आली, आणि रेवारामला ती लगेच ओळखता आली, कारण ती त्याचीच होती.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

दुर्गाप्रसाद पायऱ्या उतरला, रिक्षाजवळ गेला आणि सासरा बसेपर्यंत डबा छातीशी धरून उभा राहिला. मग तो त्याने रेवारामच्या मांडीवर ठेवला. हात मात्र लगेच काढला नाही.

"सँभाल के ले जाना, मामाजी," तो म्हणाला.

रेवारामने दोन्ही हात डब्यावर ठेवले आणि रिक्षावाल्याला चल म्हणाला.